दात दुखतो की आंबतो? तेरा प्रश्न चिनी भाषेत नेताना

माझ्या मावसबहिणीचा मुलगा चार वर्षांचा असताना पोळी फक्त उजव्या बाजूने चावायचा. आईस्क्रीम जिभेने चाटायचा, दाताला लागू द्यायचा नाही. "दात दुखतो का रे?" असं घरातल्या प्रत्येकाने त्याला विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने नकारार्थी मान हलवली. एकदा मावशीने, म्हणजे त्याच्या आजीने, वेगळं विचारलं, "दात आंबतो का बाळा?" तो लगेच "हो" म्हणाला आणि डाव्या गालावर बोट ठेवलं. खालच्या दाढेला चांगलं खोल भोक पडलं होतं.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या लेखी 'दुखणं' म्हणजे गुडघा फुटल्यावर होतं ते. गार लागल्यावर दातात जे होतं, त्याला त्याच्या कोशात वेगळा शब्द होता आणि आम्ही तो विचारलाच नव्हता.

हा प्रसंग मला आठवला तो एका शोधनिबंधामुळे. २००९ मध्ये हाँगकाँगमधल्या दंतवैद्यक संशोधकांनी लहान मुलांच्या तोंडाच्या आरोग्याविषयीची एक इंग्रजी प्रश्नावली चिनी भाषेत आणली आणि ती तिथल्या पालकांवर पडताळून पाहिली. प्रश्न फक्त तेरा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, तेरा प्रश्नांचं भाषांतर हे काय संशोधन झालं? दोन्ही भाषा येणारा कुणीही माणूस अर्ध्या तासात करून देईल. ते तसं का होत नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

मुळात ही प्रश्नावली कसली?

तिचं नाव 'अर्ली चाइल्डहुड ओरल हेल्थ इम्पॅक्ट स्केल'. संशोधक तिला आद्याक्षरं जोडून 'ईकोहिस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तयार केली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी कॅनडात टोरांटोला थोड्या मोठ्या मुलांसाठी लांबलचक प्रश्नसंच बनले होते. त्यांतल्या ३६ प्रश्नांमधून शाळेत जाण्याआधीच्या वयाला लागू पडणारे १३ निवडले. उत्तरं मुलाने द्यायची नाहीत, आईवडिलांनी द्यायची.

पहिले नऊ प्रश्न मुलाविषयी. दात, तोंड किंवा जबडा दुखला का? गरम-गार पिताना त्रास झाला का? काही पदार्थ खाता आले नाहीत असं झालं का? शब्द उच्चारायला अडचण? बालवाडी बुडली? झोप लागली नाही? चिडचिड झाली? इतर मुलांसमोर हसायचं टाळलं? बोलायचं टाळलं? उरलेले चार घरच्यांविषयी. मुलाच्या दातांमुळे तुम्हाला वाईट वाटलं का, अपराधी वाटलं का, कामावरून सुट्टी घ्यावी लागली का, आणि पैशाची ओढाताण झाली का?

प्रत्येक प्रश्नाला पाच पायऱ्या: कधीच नाही, क्वचितच, अधूनमधून, बऱ्याचदा, फार वेळा. त्यांना ० ते ४ गुण. शिवाय 'माहीत नाही' असं म्हणायचीही सोय. सगळ्या गुणांची बेरीज ० ते ५२ च्या दरम्यान येते, त्यातले ३६ मुलाच्या भागाचे आणि १६ घरच्यांच्या भागाचे. आकडा जितका मोठा, तितका दातांनी त्या घराला दिलेला त्रास मोठा.

दंतवैद्य तोंड उघडून बघतोच, मग प्रश्न कशाला?

दंतवैद्य जे मोजतो ते दाताचं मोजमाप. किती दात किडलेले, किती किडीमुळे काढलेले, किती भरलेले, या तिन्हींची बेरीज करायची पद्धत १९३८ पासून चालत आली आहे आणि ती उपयोगाची आहे. पण समजा दोन मुलांचे प्रत्येकी चार दात किडलेत. एक रात्रभर झोपतं. दुसरं पहाटे तीनला उठून रडतं, त्याचं वजन वाढत नाही, आई दिवसभर पेंगत काम करते. दंतवैद्याच्या कागदावर दोघांच्या नावापुढे एकच आकडा: चार.

घर गळतंय हे इंजिनिअर भिंतीला भेग किती इंचाची आहे ते मोजून सांगेल. पण पावसात अंथरूण कुठे सरकवावं लागतं, हे त्या घरात राहणाराच सांगणार. ईकोहिस अंथरुणाचं विचारते. सरकारने मोफत उपचार आधी कुणाला द्यावेत, एखादी योजना चालली की नाही, हे ठरवायचं तर दोन्ही मोजमापं हवीत.

आणि प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून जास्त मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. चीनच्या २०१५-१६ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या शंभरपैकी सत्तरहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले, आणि आधीच्या दहा वर्षांत हे प्रमाण वाढलं होतं. आपल्याकडे २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत याच वयाच्या जवळपास निम्म्या मुलांना कीड होती. हाँगकाँगमध्ये तर १९६१ पासून नळाच्या पाण्यात दात बळकट राहावेत म्हणून फ्लोराइड मिसळतात. तरीही २०११ च्या पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्या मुलांचे दात किडलेले होते, आणि त्यातले बहुतेक सगळे उपचाराविना तसेच होते.

"दुधाचेच तर दात, पडणारच आहेत"

हे वाक्य आपल्याकडे जितकं ऐकू येतं तितकंच चिनी घरांतही. चिनी भाषेतही या दातांना 'दुधाचे दात'च म्हणतात, आणि ते एवीतेवी पडणार हा युक्तिवादही तोच. शिवाय त्यांच्याकडे एक म्हण आहे: दातदुखी हा काही आजार नव्हे, पण दुखायला लागली की जीव घेते. म्हणीच्या पहिल्या अर्ध्या भागावर विश्वास ठेवून लोक थांबतात आणि दुसरा अर्धा भाग रात्री अनुभवतात.

पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर ती आपोआप पडेपर्यंत सात-आठ वर्षं जायची. एवढ्या काळात पू होऊ शकतो, खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. 'पडणारच आहे' म्हणून सोडून देण्याइतका हा काळ लहान नाही, एवढं मला ठामपणे म्हणायचं आहे.

सरळ भाषांतर का चालत नाही?

स्वयंपाकातलं उदाहरण घ्या. मामी फोनवर सांगते, "दोन वाट्या रवा, एक वाटी साखर." आपण आपल्या घरातली वाटी घेतो. आपली वाटी लहान असली तरी शिरा बिघडत नाही, कारण रवा आणि साखर दोन्ही त्याच वाटीने मोजले. पण मामीने "तूप पाव किलो" सांगितलं असेल तर सगळं चुकतं. शब्द तोच होता, वाटी वेगळी होती.

प्रश्नावली हे मापटं आहे. कथेचं भाषांतर करताना एखादी छटा हरवली तर वाचक थोडा कमी रमतो. मापट्याचं भाषांतर करताना छटा हरवली तर मोजणीच चुकते, आणि ती चुकली आहे हे कुणाला कळतही नाही, कारण कागदावर आकडा तर नीट उमटलेला असतो.

आता पहिलाच प्रश्न बघा. इंग्रजीत त्यात 'पेन' असा एक शब्द आहे. मराठीत दात दुखतो, ठणकतो, सळसळतो, शिवशिवतो, आंबतो, आणि मधूनच कळ येते. चिनीतही असंच आहे. दुखण्याला 'थुंग' आणि 'थंग' असे दोन शब्द सर्रास चालतात. शिवाय गार किंवा आंबट लागल्यावर दातात जे होतं त्याला 'स्वान' म्हणतात, आणि 'स्वान' म्हणजे आंबट! इतक्या दूरच्या दोन भाषांना दातातल्या त्या झिणझिणीसाठी एकच कल्पना सुचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण मापट्यासाठी हीच अडचण. प्रश्नात 'थुंग' लिहिलं आणि आईच्या मते मुलाचा दात 'थुंग' नाही, नुसता 'स्वान' आहे, तर ती प्रामाणिकपणे 'कधीच नाही' वर खूण करेल. माझ्या भाच्याने मान हलवली होती, तशीच.

'अपराधी वाटलं का?' हा प्रश्न याहून नाजूक. इंग्रजीतला 'गिल्टी' हा शब्द कोर्टातल्या आरोपीलाही लागतो आणि मुलाला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही म्हणून हळहळणाऱ्या आईलाही. चिनीत या दोन गोष्टी वेगळ्या शब्दांत राहतात. 'यौ-च्वेइ' म्हणजे गुन्हा केलेला, दोषी. 'नेइ-ज्यू' म्हणजे आतल्या आत टोचणी लागणं. शब्दकोश उघडून पहिलाच अर्थ उचलला, तर आपण एका आईला तिने गुन्हा केलाय का, असं विचारून बसू.

काळाचंही बघावं लागतं. मूळ प्रश्नावली सांगते की मूल जन्मल्यापासून आजपर्यंतचा सगळा काळ डोळ्यांसमोर ठेवा. चिनी क्रियापदं काळाप्रमाणे बदलत नाहीत. 'दुखतं', 'दुखलं', 'दुखलं होतं' यातला फरक जोडशब्दांनी दाखवावा लागतो. तो जोडशब्द राहिला तर आई फक्त आजचं उत्तर देईल. आणि आज तिचं मूल हसत-खेळत असलं, तर मागच्या पावसाळ्यातल्या चार जागरणांची कुठेच नोंद होणार नाही.

चिनी म्हणजे कुठली चिनी?

हाँगकाँगमध्ये दहापैकी नऊ घरांत कँटोनीज बोलतात. बीजिंगकडची बोली मँडरिन. एकाचं बोलणं दुसऱ्याला शिकल्याशिवाय कळत नाही. लिहिताना मात्र दोन्हीकडचे लोक साधारण एकच प्रमाण चिनी वापरतात, आपापल्या उच्चारात वाचतात. त्यातही हाँगकाँग आणि तैवानमध्ये जुनी, जास्त रेघांची चिन्हं चालतात. मुख्य भूमीवर १९५० च्या दशकापासून सोपी केलेली चिन्हं आली, आणि सिंगापूरनेही पुढे तीच घेतली.

म्हणजे हाँगकाँगमध्ये पडताळलेला कागद उचलून शांघायच्या बालवाडीत वाटला तर तो बराचसा वाचता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. कागद हातात देऊन भरून घेणार की मोठ्याने वाचून दाखवणार, इथपासून फरक पडतो. पुस्तकी चिनी मोठ्याने वाचली तर कँटोनीज आजीला ती बातम्या ऐकल्यासारखी वाटते, बोलल्यासारखी नाही. आपल्याकडे "आपल्या पाल्यास दंतवेदना उद्भवल्या आहेत काय?" असं कुणी अकोल्याच्या किंवा कणकवलीच्या आजीला विचारलं तर ती आधी विचारणाऱ्याकडे बघत राहील.

शब्द बरोबर, पण घर वेगळं

यापुढची पायरी सगळ्यात अवघड. शब्द अचूक बसला, तरी ज्या आयुष्यातून प्रश्न आला ते आयुष्य वेगळं असतं.

गार पेयांचा प्रश्न अमेरिकेत सोपा आहे, कारण तिथे मुलांच्या ग्लासात बर्फ असतोच. अनेक चिनी घरांत लहान मुलाला कोमट किंवा गरम पाणीच देतात, गार पाणी पोटाला बरं नाही म्हणून. ज्या मुलाला गार कधी मिळालंच नाही, त्याला गार पिताना त्रास झाला का, याचं उत्तर काय द्यायचं?

आजाराची कारणमीमांसाही घराघरात वेगळी. कँटोनीज घरात हिरडी सुजली, तोंड आलं की म्हणतात 'यीत-हेई' झालं. शब्दशः उष्ण हवा, म्हणजे अंगात उष्णता वाढली. तळलेलं जास्त खाल्लं असेल, आता गारवा देणारा काढा द्या. मराठी वाचकाला हे समजावायची गरजच नाही. आपणही तोंड आलं की उष्णता झाली म्हणतो आणि सब्जा भिजत घालतो. आणि कीड? चिनी 'चू-या' म्हणजे किड्याने पोखरलेला दात. तीन हजार वर्षांपूर्वी चिनी राज्यकर्ते हाडांवर प्रश्न कोरून भविष्य बघायचे, त्या लेखांतही दात आणि त्यावर किडा असं चिन्ह सापडतं. आपलं 'दाताला कीड लागली' यातही तोच किडा बसला आहे. प्रत्यक्षात किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं.

याचा प्रश्नावलीशी संबंध असा. ज्या आईला वाटतं की दात उष्णतेने बिघडला, किंवा नशिबात किडके दात होते, तिला अपराधी वाटायचं कारणच नाही. ती 'कधीच नाही' म्हणणार. अपराधी वाटायला आधी हे माहीत असावं लागतं की रात्री बाटलीतून दूध पाजत झोपवल्याने दात किडतात आणि ते टाळता आलं असतं. म्हणजे या एका प्रश्नाचे गुण दाताची अवस्था जितकी सांगतात, तितकीच आईला काय ठाऊक आहे तेही सांगतात. दोन समाजांचे आकडे शेजारी ठेवताना हे विसरून चालत नाही.

जायचं, आणि परत यायचं

हे सगळं सांभाळायला एक रुळलेली पद्धत आहे. दोन्ही भाषा जाणणारे लोक आधी इंग्रजीतून चिनीत भाषांतर करतात. मग ज्यांनी मूळ प्रश्न पाहिलेलेच नाहीत अशी माणसं ते चिनी भाषांतर परत इंग्रजीत आणतात. रुपयाचे डॉलर करून घ्यावेत आणि लगेच त्या डॉलरचे पुन्हा रुपये करावेत, म्हणजे मध्ये कुठे किती कापलं गेलं ते हातात कळतं, तसं. परतलेलं वाक्य मूळ वाक्याशी जुळत नसेल तर गळती सापडली.

पण या उलट-भाषांतरावर फार भिस्त ठेवू नये. शब्दाला शब्द लावलेलं कृत्रिम भाषांतर परत येताना छान जुळतं, कारण परत आणणारा हुशार असतो, मूळ वाक्य ताडतो. सहज, घरगुती चिनीत केलेलं भाषांतर परत येताना थोडं वेगळं दिसतं, आणि आईच्या कानाला तेच बरोबर लागतं. म्हणून मग भाषातज्ज्ञ, दंतवैद्य, मुलांचे डॉक्टर एकत्र बसून एकेका शब्दावर वाद घालतात. त्यानंतर कच्चा मसुदा थोड्या पालकांना देतात आणि विचारतात, या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. शितावरून भाताची परीक्षा. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत मोलाची पायरी, आणि घाईत सगळ्यात आधी हिलाच कात्री लागते.

मापटं खरं आहे हे कसं ओळखायचं?

भाषांतर झालं की आकड्यांची परीक्षा. तीन गोष्टी बघतात.

एक, सगळे प्रश्न एकाच ठेक्यात आहेत का? भजनात दहा टाळकरी असले आणि एकाचा टाळ भलत्याच लयीत वाजत असला तर लगेच कळतं. ज्या पालकाने दुखण्याला जास्त गुण दिले, त्याने जेवणाला आणि झोपेलाही साधारण जास्त द्यायला हवेत. हा एकोपा मोजायला ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला 'अल्फा' नावाचा आकडा वापरतात. तो १ च्या जवळ असेल तर एकोपा चांगला, ०.७ च्या खाली घसरला तर चिंता. मूळ अमेरिकी चाचणीत मुलांच्या भागाचा अल्फा ०.९१ होता. भाषांतरात एखादा शब्द चुकला असेल तर नेमका तो प्रश्न बेताल वाजतो आणि सापडतो.

दोन, तोच माणूस थोड्या दिवसांनी पुन्हा भरायला बसला तर तेच उत्तर देतो का? मध्ये मुलाच्या दातांत काही बदल झाला नसेल तर आकडाही जवळपास तोच यायला हवा. आज वजन १५ किलो आणि पुढच्या आठवड्यात २२ दाखवणाऱ्या काट्यावर कोण विश्वास ठेवेल?

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मापटं दातच मोजतंय ना? किडके दात असलेल्या मुलांचे गुण, धड दात असलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त यायला हवेत. हाँगकाँगच्या संशोधकांनी यापुढचंही पाऊल टाकलं. ज्या मुलांचे दात इतके खराब होते की पूर्ण भूल देऊन उपचार करावे लागले, त्यांच्या पालकांकडून उपचाराआधी आणि नंतर हीच चिनी प्रश्नावली भरून घेतली. २०११ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचारानंतर गुण उतरलेले दिसले. दुखणं गेलं आणि काटाही खाली आला, म्हणजे काटा जिवंत आहे.

मुलाचं दुखणं आईला नेमकं कसं कळणार?

रास्त शंका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला विचारण्याचा मार्ग नाही, म्हणून आईला विचारतात. हा नाइलाज आहे आणि संशोधकही तो नाइलाज म्हणूनच मान्य करतात. बालवाडीत मूल हसायचं टाळतं का, हे घरी बसलेल्या आईला कसं दिसणार?

चिनी घरांत आणखी एक पदर आहे. मुख्य भूमीवर कितीतरी लहान मुलं आजीआजोबांपाशी वाढतात, आईवडील दूरच्या शहरात कामाला. हाँगकाँगमध्ये दोघं नोकरी करणाऱ्या अनेक घरांत फिलिपिन्स किंवा इंडोनेशियातून आलेली बाई घरात राहून मूल सांभाळते. मुलाने घास डाव्या बाजूने उजवीकडे सरकवला, हे तिने पाहिलेलं असतं. कागद मात्र रात्री आठला घरी आलेल्या आईच्या हातात पडतो. म्हणून 'माहीत नाही' हा पर्याय फार महत्त्वाचा, आणि तो निवडायला लाजू नये. मुलाच्या भागात अशी दोनपर्यंत आणि घरच्यांच्या भागात एक रिकामी जागा असली तर बाकीच्या उत्तरांच्या सरासरीने ती भरून काढतात. त्याहून जास्त असतील तर तो कागद हिशेबात धरत नाहीत.

पाच वर्षांच्या मुलांसाठी आता दुसरी वाटही आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये 'सोहो-५' नावाची प्रश्नावली तयार झाली, तिच्यात मूल स्वतः उत्तर देतं. नाही, थोडंसं, खूप, असे तीनच पर्याय, आणि सोबत चेहऱ्यांची चित्रं. मूल चेहऱ्यावर बोट ठेवतं.

शून्य गुण म्हणजे सगळं ठीक?

नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त सांगायची होती.

घरच्यांच्या भागातले शेवटचे दोन प्रश्न पुन्हा वाचा: कामावरून सुट्टी आणि पैशाची ओढाताण. ज्या कुटुंबाने मुलाला दंतवैद्याकडे नेलंच नाही, त्यांची सुट्टी गेली नाही आणि पैसाही गेला नाही. दोन्ही ठिकाणी शून्य. ज्यांनी कर्ज काढून उपचार केले, त्यांना आठपैकी आठ. कागदावर उपचार घेणारं घर जास्त त्रासलेलं दिसतं आणि न घेणारं सुखी. हाँगकाँगमध्ये सरकारी शालेय दंतसेवा १९८० मध्ये सुरू झाली, पण ती प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी. त्याआधीच्या वयाला, निदान ही चिनी प्रश्नावली आली त्या काळात, बहुतेक खाजगी दवाखाना आणि खिशातला पैसा. तिथे या शून्यांकडे जरा थांबून बघावंच लागतं.

बालवाडीचा प्रश्नही तसाच. दात ठणकत असतानाही मुलाला पाठवावंच लागतं, कारण घरी कुणी नाही. बालवाडी बुडली नाही, गुण शून्य.

मग दोन देशांची तुलना करता येते का?

जपून. अनेक अभ्यासांत दिसलं आहे की पूर्व आशियातले लोक अशा पायऱ्यांवर उत्तर देताना टोकं टाळून मधल्या पर्यायाकडे झुकतात, आणि अमेरिकी लोक टोकाचं उत्तर सहज देतात. चिनी आईचे १२ गुण आणि अमेरिकी आईचे १२ गुण यांत त्रास तेवढाच आहे असं त्यामुळे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हाँगकाँगमधल्या दोन वस्त्यांची, किंवा एकाच मुलाच्या उपचाराआधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना मात्र भक्कम असते. मघाचीच वाटी पुन्हा: एकाच वाटीने मोजलं की प्रमाण चुकत नाही.

ईकोहिस चिनीखेरीज फ्रेंच, फारसी, तुर्की आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेतही गेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी हीच सगळी पायपीट पुन्हा करावी लागली. भाच्याच्या दाढेत पुढे भरण केलं. डाव्या बाजूने चावायला त्याने आणखी महिनाभर घेतला, कारण तोवर उजवीकडची सवय पडली होती. या तेरा प्रश्नांपैकी एकातही तो महिना धरायला जागा नाही.